रव्याने मापलेली दारू

माझ्याकडे इतिहासाची एम.ए. आहे, संग्रहालयशास्त्राचा डिप्लोमा आहे, आणि दोन्हींची प्रमाणपत्रं लॅमिनेट करून मी सौदीतल्या बुरैदापर्यंत आणली आहेत. बाबल मेस्त्रींकडे अर्धा किलो रवा होता. तरी आमचा मालक कुठलंही खोकं उघडलं की आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा. या एका गोष्टीवरून मी दीड वर्ष जळत होते. लांब गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मेस्त्री आता कुडाळजवळ आपल्या गावी सुखरूप आहेत, आणि मला गोड लिहिता येत नाही. म्हणून जसं होतं तसं लिहिते.

माझा नवरा इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. त्याच्या मागोमाग मी आले आणि पहिलं वर्ष घरात बसून काढलं. मग त्याच्या एका पेशंटच्या ओळखीने मला अबू सालेहकडे काम मिळालं. अबू सालेह म्हणजे खजुराचा मोठा व्यापारी, साठी ओलांडलेला, शांत माणूस. नाद एकच, जुनी हत्यारं. रीतसर परवाने काढून त्याने आपल्या बागेतल्या मातीच्या जुन्या घरात खासगी संग्रहालय करायला घेतलं होतं. तलवारी होत्या, जंबिये म्हणजे बाकदार अरबी खंजीर होते, पण त्याचा जीव नऊ रिव्हॉल्व्हरांवर होता.

ही रिव्हॉल्व्हरं काडतुसाच्या आधीच्या काळातली. यांच्या चक्रातल्या प्रत्येक घरात आधी सुटी दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी ठासायची, आणि मागच्या बारीक नळीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की बार. त्यामुळे त्या काळी असं प्रत्येक हत्यार एका लाकडी पेटीत, आपल्या लवाजम्यासह यायचं. दारूची बुधली, गोळ्या ओतायचा साचा, टोप्यांची डबी, नळी काढायची चावी, साफ करायचा गज. अबू सालेहने रिव्हॉल्व्हरं एकेक करून घेतली होती, तीही उघडीबोडकी. लवाजमा नंतर परदेशातल्या लिलावांतून आला, दोन खोक्यांत कोंबलेला, साठसत्तर नग. कुठली बुधली कुणाची, कुठला साचा कुणाचा, काही पत्ता नाही. ते जुळवून नऊ पेट्या पुऱ्या करायच्या, हे काम. आणि अबू सालेहने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की जो हे संच जुळवील त्याचं नाव दारातल्या पितळी पाटीवर लागेल. अरबीत आणि इंग्रजीत.

ती पाटी मी तेव्हाच मनात करून ठेवली. नाव माहेरचं लावायचं, मध्ये वडिलांचं. माझ्या वडिलांनी सोलापुरात चौतीस वर्षं यंत्रमागावर काढली आणि आईने विड्या वळल्या. त्यांचं नाव लाइट बिलावर आणि रेशनकार्डावर सोडून कुठे छापून आलेलं नाही. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तर पितळेत कोरलेलं वडिलांचं नाव, परमुलखात, भिंतीवर. याच्यासाठी मी काय वाटेल ते वाचायला तयार होते.

वाचून होईल असं वाटत होतं, तीच चूक.

बाबल मेस्त्री बत्तीस वर्षांपूर्वी अबू सालेहच्या बागेत खजुराची खोकी ठोकायला आले होते. बुटके, काटक, छातीचा पिंजरा पुढे आलेला. शिक्षण चौथी. काम करताना जमिनीवर बसायचे; टेबलावर जेवतात, काम करत नाहीत, असं त्यांचं मत. पेन्सिल मोज्यात खोचलेली. डाव्या अंगठ्याचं नख लांब वाढवलेलं, आणि दर शनिवारी त्या नखावर ते कानशीने दोन बारीक खुणा करायचे. नख वाढलं की खुणा पुढे सरकायच्या, मग पुढच्या शनिवारी नव्या. हीच त्यांची मोजपट्टी. माझ्याकडे जर्मन बनावटीचं डिजिटल मापयंत्र होतं. ते त्यांनी एकदा हातात घेतलं, उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "बरा आसा. सेल संपलो की काय करतलंस?"

त्यांच्या हाताला ही विद्या कुठून आली, तर घरातून. कुडाळकडच्या गावांत रानडुकरं आणि माकडं हाकायला ठासणीच्या बंदुका असतात, परवान्याच्या. त्यांचे आजोबा आणि वडील त्या दुरुस्त करायचे. लहानपणी बाबलचं काम होतं प्रत्येक बंदुकीला तिच्या मापाचं बांबूचं मापटं करून देणं, म्हणजे दारू जास्त पडू नये. "जास्त पडली तर डुकर रवता बाजूक, आणि शेतकरी जाता," असं ते सांगायचे, आणि सांगताना हसायचे नाहीत.

पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "तू ती शिकलेली बाय काय गो?"

मला एम.ए.ला 'तू'! नवऱ्याने घरी समजावलं की मालवणीत वडीलधारा माणूस बाईला 'तू'च म्हणतो, त्यात अपमान नाही, माया आहे. मी म्हटलं, माया नंतर, आधी मला मॅडम म्हणू दे. ते काही कधी मॅडम म्हणाले नाहीत. फार झालं तर 'ताई' म्हणायचे, तेही दुसऱ्यांसमोर.

दोन महिने बसून मी तक्ता केला. लिलावांच्या याद्या, कारखान्यांचे शिक्के, बुधल्यांवरची नक्षी, सगळं ताडून चौदा पानं. प्रत्येक रिव्हॉल्व्हरापुढे त्याचा लवाजमा, कारणांसह. अबू सालेहने पानं उलटली, "माशाल्लाह" म्हणाला, आणि ती तशीच खाली बसलेल्या मेस्त्रींच्या हातात दिली. इंग्रजी टाइप केलेली पानं! मेस्त्रींनी ती उलटसुलट पाहिली.

"अक्षर बरा आसा," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाय, घराकडे दारू आसा?"

मी दचकलेच. सौदी अरेबियात बसून हा माणूस मला भर दिवसा, मालकासमोर, काय विचारतोय!

"गो, रवो. उपम्याचो. बारीक नको, जाडो नको."

रव्याला ते दारू म्हणायचे. खरी दारू या इमारतीत येणं शक्यच नव्हतं, आणि यायलाही नको होती; पण काम दारूचं, म्हणून तिच्या जागी जो रवा वापरायचा त्यालाही दारूच. मी आणून दिला. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, जमिनीवर पांढरं फडकं अंथरलं, आणि माझ्या तक्त्यातली पहिली जोडी काढली.

बुधलीच्या तोंडाशी एक नळी असते, तिला खालून पडदा. बोटाने तोंड दाबून बुधली उलटी करायची, पडदा उघडून मिटायचा, की नळीभर दारू मापून येते. मेस्त्रींनी असा नळीभर रवा घेतला आणि चक्राच्या घरात सोडला. मग त्या पेटीचा म्हणून मी जो साचा लिहिला होता, त्यात मेणबत्तीचं मेण ओतून गोळी केली, थंड केली, आणि ती घरावर ठेवून अंगठ्याने दाबली. बसली. रवा मऊ कुंचल्याने झाडून काढला. दुसरी जोडी, बसली. तिसरी. मी हात बांधून उभी होते. खरं सांगते, आतून फुगत होते. सहा जोड्या बरोबर निघाल्या.

सातवी माझी लाडकी. चांदीचं पाणी दिलेली बुधली, तिच्यावर झेप घेणारा कुत्रा आणि झाडी. इतकी देखणी वस्तू त्या साठसत्तरांत दुसरी नव्हती, आणि सगळ्यांत देखण्या रिव्हॉल्व्हराशी मी ती जुळवली होती. शिक्काही त्याच गावचा. मेस्त्रींनी नळीभर रवा सोडला. घर काठोकाठ भरून रवा फडक्यावर सांडला.

"हेचा पोट भरला. आता गोळी खंय बसतली?"

"पण शिक्का बघा ना. त्याच शहरातला आहे."

"शहर एक आसात गो. घर एक नाय. ही शिकारी बंदुकीची. मोठ्या तोंडाची." आणि त्या ढिगातून त्यांनी एक चेपलेली, काळवंडलेली, बिननक्षीची पितळी बुधली काढली. नळीभर रवा सोडला. वर मेणाची गोळी ठेवली. दाबली. जशी काही तिथेच जन्मली होती.

"आता सोयरीक झाली," म्हणाले.

ते जोड्यांना सोयरीक म्हणायचे. चुकीच्या जोडीला 'पळवून आणलेली' म्हणायचे. आठवीतही माझी पळवून आणलेलीच निघाली, आणि नववी त्यांनी मागे ठेवली. मी म्हटलं, रव्यावरून इतिहास ठरत नाही, पुराणवस्तूत रवा घालणं हेच मुळात चुकीचं आहे. अबू सालेहने रियाधहून एक म्हातारे जाणकार बोलावले. त्यांनी भिंगातून तासभर पाहिलं, माझ्या दोन्ही बुधल्या बाजूला सारल्या, चेपलेल्या बुधलीच्या तळाचा घासला गेलेला आकडा दाखवला, आणि विचारलं, "ही कुणी निवडली?"

अबू सालेहने मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या सहांबद्दल कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी मी मेस्त्रींना मुद्दाम अडवलं. "हे कुठल्या दशकातलं आहे, सांगता येईल?"

"म्हातारा आसा," ते म्हणाले.

"आणि ही बुधली याचीच, हे उचलल्याबरोबर कसं कळलं?"

"माका कित्याक इचारतस? हाताक इचार."

हे त्यांचं नेहमीचं. मला यात उर्मटपणा दिसायचा. मी हाताला विचारलंही. एका सोमवारी ते दाढ काढायला गेले होते, तेव्हा मी दार लावून घेतलं, फडकं अंथरलं आणि रवा घेऊन बसले. माझा हात काही बोलला नाही. उलट पडदा अर्धवट मिटला आणि त्याच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, रवा अडकला. मी गुपचूप बुधली जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उचलली, कानाशी हलवली आणि सगळ्या खोलीला विचारलं, "हयसर उपमो कोणी केल्यान?" माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गोदाम सांभाळणारे कानपूरचे मिश्राजी काय झालं म्हणून विचारायला लागले. मेस्त्रींनी त्यांना सांगितलं, "कुछ नहीं, हवा से आया." हवेने रवा येतो! मला वाचवलं म्हणून मला जास्तच राग आला.

घरीसुद्धा सुटका नव्हती. दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे. नवऱ्यानेच बोलावलं होतं, एकटा माणूस म्हणून. माझी शेंगाची चटणी आणि ज्वारीची भाकरी खाऊन "तिखटजाळ आसा, पण हात बरो" असा शेरा द्यायचे. माझी सात वर्षांची इरा माझ्याशी मराठीत बोलत नाही. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार आहे. आणि ही पोरगी शुक्रवारी मेस्त्रींच्या मांडीला टेकून म्हणायची, "आजोबा, माका पण भाकरी व्हयी." मी तिला मराठीचं पुस्तक घेऊन रडवलं होतं, तक्ते लावले होते. त्यांनी काही केलं नव्हतं. लाकडाच्या ढलप्यांच्या मासळ्या करून दिल्या होत्या, आणि प्रत्येक मासळीचं नाव मालवणीत सांगितलं होतं.

माझी मुलगीही रव्याने मापून नेली, असं मला वाटायचं. बोलायची सोय नव्हती.

मेस्त्रींना लिहायचा कंटाळा नव्हता. उलट वळणदार, ठळक अक्षरात ते प्रत्येक नगाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचे. चौथीपर्यंतचं असलं तरी अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, हेही कबूल करते. 'दारू एवढीच. जास्त नको.' 'हेची दारू बारीक.' 'चावी मिळाली, टोपी सैल.' सगळ्या मराठीत. मी त्यांवरून अरबी-इंग्रजी नोंदी करायची. म्हणजे त्यांचा हात बोलायचा, आणि मी लेखनिक.

मग तो गुरुवार आला. दुपारी छापखान्याकडून पाटीचा नमुना माझ्या फोनवर आला. पहिली ओळ: संच जुळवणी, बाबल मेस्त्री. दुसरी ओळ, बारीक अक्षरात: नोंदी आणि साहाय्य, आणि माझं नाव. वडिलांचं नाव मावलंच नव्हतं, नुसतं आद्याक्षर.

मी तो नमुना बघत बसले होते, तोच इद्रिसचा फोन आला. इद्रिस आमचा मॅनेजर, सुदानचा, सज्जन पण भित्रा. त्याने एक फोटो पाठवला होता. मेस्त्रींच्या खणातली चिठ्ठी: 'दारू संपत इली. अर्धो किलो हाडूक व्हयी.' म्हणजे, आणायला हवी.

"मिश्रा म्हणतो, हा शब्द मद्याचा आहे," इद्रिस इंग्रजीत म्हणाला. "म्हणतो, अशा पुष्कळ चिठ्ठ्या आहेत. अर्धा किलो म्हणजे कोड असणार. तू त्याच्या भाषेची. सांग, काय अर्थ?"

एक वाक्य पुरलं असतं. तो शब्द बंदुकीच्या दारूचाही आहे, आणि इथे तर तो रवा आहे. सोलापुरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी म्हटलं, "या शब्दाला एकाहून जास्त अर्थ आहेत. मला संदर्भ बघावा लागेल. रविवारी ऑफिसात सांगते."

संदर्भ! हा शब्द मी कॉलेजात शिकले.

फोन ठेवताना मला काय वाटलं तेही लिहिते. वाटलं, दोन दिवस राहू दे टांगून. एवढंच. त्याच्यापुढचं मी डोळ्यांसमोर आणलं नाही. आणलं असतं तर दिसलं असतं.

शुक्रवारी मेस्त्री जेवायला आले नाहीत. भाकऱ्या थंड झाल्या. इरा गॅलरीत उभी राहून रस्ता बघत होती. त्यांचा फोन बंद. शेवटी मी त्यांच्या खोलीत राहणाऱ्या बशीर ड्रायव्हरला लावला.

"मॅडम, कल शाम को पूरा रूम उल्टा किया," तो दबक्या आवाजात म्हणाला. "इद्रिस आया, दो गार्ड आया. सब लोग बाहर खड़ा था, देखता था. चाचा का ट्रंक खोला. उसमें एक बाटली मिला, लाल."

"कसली लाल?"

"वो आप लोग का खट्टा, मच्छी में डालता. कोकम. चाचा बोला, बीवी ने भेजा. गार्ड ने सूँघा, दूसरे ने सूँघा, किसी को समझा नहीं. फिर बोला रिस्क नहीं लेगा, बेसिन में डाल दिया. फोन भी ले गया."

"मेस्त्री काय म्हणाले?"

"ट्रंक में जो सामान था, एक-एक निकालके खुद दिखाया. चड्डी-बनियान भी, मॅडम."

मी तिथल्या तिथे इद्रिसला फोन लावला. म्हटलं, दारू म्हणजे तुमच्या अरबीतलं बारूद. तोच अर्थ. आणि चिठ्ठीतली दारू म्हणजे रवा, मीच दुकानातून आणून देते. त्याने पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग हसायला लागला, सुटल्यासारखा. "खरंच की! किलोने कोण पितं?" मग हसू थांबवून त्याने विचारलं, "हे तुला काल माहीत नव्हतं?"

"खात्री करत होते," मी म्हटलं.

नवरा समोरच बसला होता. त्याने ताटातून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

रविवारी अबू सालेह स्वतः आला. सगळ्यांसमोर त्याने मेस्त्रींच्या कपाळाचं चुंबन घेतलं, माफी मागितली. मिश्राजींनी हात जोडले. मेस्त्री "मालेश, मालेश" म्हणत राहिले, म्हणजे असू दे, असू दे. मग हात धुवून कामाला बसले. नववी पेटी राहिली होती. ती त्यांनी अकरा दिवसांत पुरी केली. प्रत्येक नगाच्या आकाराचा खण कोरून, त्यावर हिरवी बनात चिकटवून. एवढं सुबक काम मी त्यांचंही आधी पाहिलं नव्हतं. चिठ्ठ्या मात्र लिहिणं बंद केलं. मी विचारलं तर तोंडी सांगायचे, आणि 'दारू' म्हणायच्या जागी नुसता हात दाखवायचे, चिमूट करून.

नववी पेटी मिटल्यावर त्यांनी फायनल एक्झिट मागितली. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत करून कायमचं जाणं. अबू सालेहने खूप समजावलं. पगार वाढवतो म्हणाला, उद्घाटनापर्यंत तरी थांब म्हणाला. मेस्त्री गुडघे दाखवत राहिले. गुडघ्यांवर सगळ्यांचा विश्वास बसला.

माझा बसला नाही. ते आपली अवजारं तेल लावून गुंडाळत होते तेव्हा मी जवळ जाऊन बसले. पहिल्यांदाच जमिनीवर.

"मेस्त्री, त्या गुरुवारी इद्रिसचा मला फोन आला होता."

"म्हायत आसा."

"मला तेव्हा त्या शब्दाचा..."

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "दिवाळेक तू कधी दारू उडवूक नाय, बाय?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच माहिती विचारल्यासारखा होता. आमच्या गल्लीत दिवाळीला बाप दारू आणायचा, म्हणजे फुलबाज्या आणि भुईनळे, आणि आई ओरडायची की पोरींना दारूला हात लावू देऊ नका.

"आणि त्या पाटयेचा मी शेखाक सांगलंय," ते पुन्हा गुंडाळायला लागत म्हणाले. "तुझा एकटीचा नाव घालूक. तुका व्हया होता ना?"

"मला नको आता. तुमचं काम आहे ते."

"माका काय करूचा? माझ्या गावात अरबी कोणाक वाचूक येता?"

मी भांडायला हवं होतं. अबू सालेहकडे जाऊन सगळं सांगायला हवं होतं. गेले नाही. पाटी लागली. तिच्यावर माझं एकटीचं नाव आहे, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. फोटो मी सोलापूरला पाठवला. वडिलांनी तो मोठा करून फ्रेममध्ये घातला आणि कारखान्यात नेऊन दाखवला. फोनवर म्हणाले, "मालकाच्या आधी आपलं नाव लागलंय बघ पोरी!" पाहुणे येतात, चेपलेल्या बुधलीपाशी थांबतात, ही कशी ओळखलीत म्हणून विचारतात. मी सांगते. न अडखळता सांगते. नंतर आलेल्या दोन नगांवर मी रवा घेऊन बसले होते, आणि दोन्ही वेळा रियाधच्या म्हाताऱ्यांना विचारावं लागलं. अजूनही हेवा वाटतो. तो त्यांच्याबरोबर विमानात बसला नाही.

त्यांना सोडायला आम्ही तिघंही विमानतळावर गेलो होतो. त्यांच्याकडे एकच मोठी बॅग, नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेली. आत शिरायच्या दारापाशी एक तरुण गार्ड उभा होता. त्याने तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, आणि हसून आत जा म्हणून हात केला. मशीन पुढे होतं, बॅग तिथे टाकायची होती. या दारात उघडायचं काही कारणच नव्हतं.

मेस्त्रींनी बॅग उचलून गार्डच्या टेबलावर ठेवली. गाठी सोडल्या. चेन ओढली. एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडायला लागले. लुंग्या, औषधांच्या पट्ट्या, खजुराची पाकिटं, नातवाचे बूट, बायकोसाठी घेतलेली शाल उलगडून. सगळं ओळीत, कडा जुळवून.

"या अम्म, खलास," गार्ड म्हणाला, म्हणजे काका, पुरे. "खलास. यल्ला, जा."

ते मान हलवत होते आणि काढत होते. मागे रांग झाली होती. कुणीतरी हिंदीत म्हणालं, चाचा, आगे बढ़ो. नवरा पुढे झाला आणि कठड्यापाशी थांबला. आम्हाला आत जायला परवानगी नव्हती.

"आजोबा काय सोदतत?" इराने मला विचारलं. मला, मालवणीत.

मेस्त्रींनी रिकामी बॅग दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली, झटकली. आतून काही पडलं नाही. मग ती त्यांनी तोंड उघडं धरून गार्डला दाखवली, आणि वळून मागच्या रांगेलाही दाखवली.